न कापलेल्या लाइनी

रमाकांत गेल्याची बातमी मला मच्छीमार सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. आधी चेअरमननी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, मग कुणीतरी एक हिरवा ठिपका टाकला, आणि मग हिरव्या ठिपक्यांची रांगच लागली... कोण गेलं हे लिहायचं मात्र बराच वेळ कुणाला सुचलं नाही. ते मला धाकट्या भावाला, जनार्दनला, फोन करून विचारावं लागलं. "रमादादा," तो म्हणाला. "सकाळी चहा पिता पिता. अलिबागला न्यायची गाडी येईतो पण थांबला न्हाय." घाई करणं रमाकांतच्या स्वभावात नव्हतं. आयुष्यात एकदाच केली, ती ही.

तेराव्यानंतरच्या रविवारी जेट्टीजवळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार होता, समोर समई होती, माइक होता आणि माइक सोडायला तयार नसलेले वक्ते होते. चेअरमन म्हणाले, "रमाकांतभाऊंनी समुद्रावरच्या माणसाची लाइन कधी कापली न्हाय." यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे आमच्याकडे अजून कुणी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर प्रत्येक वक्त्याने तेच वाक्य थोडं फिरवून पुन्हा म्हटलं. मी ज्या वृत्तपत्रात लिहितो त्याच्या पुरवणीच्या संपादकांनी मला रमाकांतवर काहीतरी ओलाव्याचं लिहायला सांगितलं, ते या सभेचं वृत्त वाचूनच. ओलावा आमच्या किनाऱ्यावर फुकट मिळतो. त्याने भिंतींना बुरशी येते. मी फक्त ते वाक्य तपासून द्यायचं कबूल केलं. वाक्य खरं आहे. अडचण तीच आहे.

रमाकांत माझा मामेभाऊ. वयाने वर्षभराने मोठा आणि तेवढ्या मोठेपणाचा हिशेब शेवटपर्यंत वसूल करणारा. तो हुशार होता. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. शाळेत मास्तरांच्या चुका काढायचा आणि मास्तर ओशाळले की वर्गाकडे वळून हसायचा. इंजिनीअर झाला, नवी मुंबईत एका कंपनीत लागला, आणि काही वर्षांनी परत गावी आला. "सगळे गाढव आहेत तिथे," एवढंच त्याने त्यावर सांगितलं. कंपनीचं म्हणणं काय होतं हे विचारायला गावातून कुणी गेलं नाही. त्याच्या मते चेअरमन अडाणी, बोटी चालवणारे तांडेल हट्टी, खलाशी आळशी आणि सरकार झोपलेलं. मला तो नावाने हाक मारत नसे, 'पत्रकार' म्हणे. "काल बुडालेल्या बोटीची बातमी उद्या देणारा माणूस," अशी माझी ओळख तो चारचौघांत करून देई. त्यातलं चूक असं काही नव्हतं. पण माणसाला दुसऱ्याचं न्यून इतकं लख्ख दिसावं आणि आरसा मात्र धुरकट असावा, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

सोसायटीसाठी त्याने जे काम केलं ते मात्र त्याचंच होतं. प्रत्येक बोटीच्या डोलकाठीवर अँटेना, खाली एक लहान मशीन आणि मशीनला एक लाल बटण. अँटेना उंचावर असल्याने खिशातल्या मोबाइलपेक्षा लांबून रेंज पकडायची. बोट कुठे आहे हे मशीन थोड्या थोड्या वेळाने सोसायटीच्या ऑफिसातल्या सर्व्हरला कळवायचं, आणि ऑफिसातून 'परत फिरा' असा निरोप बोटीला जायचा. संकट आलं तर लाल बटण. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा पडदा, त्यावर आपला किनारा, आणि समुद्रात हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बोट.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सर्व्हर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. खानावळ समजा. मालक दारात उभा. गिऱ्हाईक आलं की तो एक वाढपी त्याच्या दिमतीला देतो. वाढपी मोजकेच आहेत, आणि रमाकांतच्या खानावळीचा नियम असा, की गिऱ्हाईक स्वतःहून 'चाललो' म्हणेपर्यंत वाढप्याने त्याच्या टेबलापासून हलायचं नाही. जमिनीवर हे ठीक आहे. समुद्रावरची बोट रेंजबाहेर जाते तेव्हा ती 'चाललो' म्हणत नाही. ती मागच्या दाराने निघून गेलेली असते आणि वाढपी आमटीची वाटी घेऊन रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहतो. थोड्या वेळाने तीच बोट रेंजमध्ये येते, पुढच्या दाराने आत शिरते आणि दुसरा वाढपी घेते. पहिला उभाच. दुपार होता होता सगळे वाढपी रिकाम्या खुर्च्यांना वाढत असतात आणि दारातल्या भुकेल्याला मालक सांगतो, जागा नाही. यावरचा उपाय या धंद्यात नवखा असलेला माणूसही जाणतो. बराच वेळ ताट हललं नाही तर टेबल पुसून घ्यायचं. म्हणजे बराच वेळ गप्प असलेली लाइन आपणच कापायची.

रमाकांतला हे माहीत नव्हतं असं नाही. सुरुवातीला त्याने तसंच केलं होतं. त्यामुळे झालं असं, की दुपारी मासळी विकून बायका सोसायटीत पडदा बघायला येऊ लागल्या आणि बोट रेंजबाहेर गेली की तिचा ठिपका त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होऊ लागला. एकीने हंबरडा फोडला. दुसरीने नवस बोलला. तिसरी चेअरमनच्या घरी जाऊन बसली. संध्याकाळी बोटी सुखरूप परत आल्या, पण बायकांना ते पुरलं नाही. चेअरमन रमाकांतला म्हणाले, "ते काळं होतंय ते बंद कर. हिरवंच ठेव." रमाकांतने त्यांच्याकडे बघितलं, बायकांकडे बघितलं, आणि म्हणाला, "हिरवंच पायजे ना? घ्या हिरवं." त्या दिवसापासून लाइन कापणं बंद झालं. बोट कुठेही असो, असो वा नसो, तिचा शेवटचा ठिपका हिरवा राहायचा. तो ज्यांना तुच्छ मानत होता त्यांच्याच समोर त्याने मान तुकवली, आणि तेही तुच्छतेनेच.

मग रोज सकाळी बोटी सुटण्याआधी तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, म्हणजे अडकलेले सगळे वाढपी एकदम मोकळे व्हायचे. याला तो 'पूजा' म्हणायचा. सकाळची पूजा दुपारपर्यंत पुरायची. दुपारनंतर सर्व्हर नव्याने येणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचा आणि पडदा हिरवागार असायचा. ऑफिसात चहा यायचा. बायका पदराने घाम पुसत ठिपके बघायच्या आणि घरी जायच्या. रमाकांतला त्या घरचा खाऊ आणून द्यायच्या, बोंबील, जवळा, कधी चिंबोरी. इतकं प्रेम त्याला नवी मुंबईत मिळालं नव्हतं.

हे पहिल्यांदा स्पष्ट बोलली ती विद्या. माणगावच्या एका कॉलेजात संगणक शिकवणारी मुलगी. उन्हाळ्याच्या सुटीत सोसायटीने तिला रमाकांतच्या मदतीला घेतलं होतं. मी त्या दिवशी ऑफिसात होतो. ती म्हणाली, "सर, एका लाइनीला एक थ्रेड बांधून ठेवलाय तुम्ही. सगळ्या लाइनींवर नजर ठेवायला एकच पुरतो. कुणी खरंच काही बोललं, तरच त्याच्याकडे कामाला माणूस पाठवायचा. आणि गप्प आहेत त्या कापायच्या." थ्रेड म्हणजे माझ्या खानावळीतला वाढपी.

"माणगावला डोंगरात बसून समुद्र शिकलीस काय गं?" रमाकांत म्हणाला.

"समुद्र नाही सर, सॉकेट शिकले, लाइनींची टोकं. ती डोंगरात पण तशीच असतात."

चेअरमन मोठ्याने हसले. रमाकांत हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला पडद्याच्या खोलीत बसू दिलं नाही. मशीन बसवायला जेट्टीवर उन्हात पाठवलं. सुटी संपल्यावर ती गेली. जाताना तिने माझ्या भावजयीला, म्हणजे जनार्दनच्या बायकोला, सुनंदाला, स्वतःचा मोबाइल नंबर दिला. कशासाठी दिला हे तेव्हा दोघींनाही नीट सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, इशारा आला आणि सोसायटीने सगळ्या बोटींना परत फिरण्याचा निरोप पाठवला. पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी 'पोचला' अशी खूण उमटली. चेअरमननी त्याचा मोबाइलवर फोटो काढून वरच्या अधिकाऱ्यांना पाठवला. निरोप पोचला होता तो वाढप्यांपर्यंत. त्यातले किती जण रिकाम्या खुर्चीशी बोलले, हे पडदा सांगत नव्हता. दुपारपर्यंत बऱ्याच बोटी वाऱ्याचा रंग बघून आपणहून परत आल्या. जनार्दनची आली नाही. मी अलिबागहून आलो तेव्हा हॉल बायकांनी भरला होता. सुनंदा पडद्यासमोर उभी होती.

"बघ ना, हिरवा हाय," चेअरमन तिला सांगत होते. "निरोप पोचलाय. येतोय तो. घरी जा, पेज टाक."

जनार्दनचा ठिपका सकाळपासून जागचा हलला नव्हता. त्या वाऱ्यात नांगर टाकलेली बोटसुद्धा इतकी स्थिर राहत नाही, आणि हॉलमधल्या प्रत्येक बाईला हे दिसत होतं. कुणी म्हणत नव्हतं. एकीचा ठिपका खोटा म्हटला की सगळ्यांचे खोटे ठरले असते, आणि ते कुणालाच नको होतं. इतकी माणसं इतकी दाटीवाटीने एकत्र उभी राहून एका गोष्टीकडे न बघताना मी त्याआधी फक्त मंत्रालयात पाहिली होती.

मी रमाकांतला विचारलं, "हे हिरवं कधीचं आहे?"

"सिस्टिम चालू आहे," तो म्हणाला.

"मी सिस्टिमचं विचारत नाही."

"तू बातमी लिही, पत्रकार."

सुनंदाने विद्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. विद्याने दोनच प्रश्न विचारले. मग म्हणाली, "सर, आत सगळं भरलंय. त्यांनी लाल बटण दाबलं असेल तरी दारातूनच परत जात असेल. सकाळी करता तसं आत्ता करा. बंद करून चालू करा. जे खरंच रेंजमध्ये आहेत ते लगेच परत येतील."

"आणि जे नाहीत ते?" रमाकांतने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता.

"ते दिसणार नाहीत."

मागून एक म्हातारी ओरडली, "माझ्या पोराचा नको रे काढू! राहू दे त्याचा!" तिच्यामागून आणखी दोघी-तिघी. चेअरमन म्हणाले, "थोडं थांबू. वारा पडेल. उगाच बायामाणसांत घबराट..." रमाकांत पडद्याकडे बघत बसला होता. खोलीत या गोष्टीचा अर्थ पुरता कळलेला तो एकटा माणूस होता. चहा आला. चहा पिऊन झाला. माझा भाऊ त्या वेळात कुठे होता हे मला नंतर कळलं: इंजिन बंद पडलेलं, बोटीत पाणी, एक जण लाल बटणावर अंगठा दाबून बसलेला, आणि मशीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा... सर्व्हर व्यस्त आहे.

"दादा, काप," सुनंदा म्हणाली.

"अगं, सगळ्यांचं जाईल. अख्खा पडदा काळा होईल."

"होऊ दे. तुझ्या हिरव्याला घेऊन मी काय चाटू?"

तेव्हा रमाकांत उठला. मला वाटलं, आता करेल. त्याने चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, "बाथरूमला जाऊन येतो."

तो गेला. खुर्ची रिकामी झाली. सुनंदा त्या खुर्चीत बसली नाही, ती वाकली आणि फोनकडे बघून म्हणाली, "विद्या, कंचं दाबू?" विद्याने सांगितलेलं बटण तिने दाबून धरलं. पडदा काळा झाला. त्यानंतर हॉलमध्ये जो आवाज उठला त्याचं मी वर्णन करणार नाही. मग एकेक ठिपका उगवायला लागला... जेट्टीला लागलेल्या बोटींचे आधी, मग किनाऱ्याजवळच्यांचे. म्हातारीच्या पोराचा उगवला तेव्हा तिने पडद्याला हात जोडले. सगळ्यांत शेवटी, सकाळच्या हिरव्या ठिपक्यापासून पुष्कळ खाली दक्षिणेला, एक लाल ठिपका आला. त्याच्या जवळून परतणाऱ्या एका बोटीला निरोप गेला आणि या वेळी तो खरंच पोचला.

माणसं सगळी वाचली. बोट ओढून आणताना बुडाली. जरा आधी निघाले असते तर तीही आली असती, असं जनार्दन म्हणतो, आणि तो उगाच बोलणारा माणूस नाही. आता तो दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहे. त्याच्यासोबतचा खलाशी महादू तळा गावी आपल्या भातशेतीत परत गेला. पावसात शेतात साचलेल्या पाण्याकडेही आता तो बांधावर उभं राहूनच बघतो म्हणे.

लाल ठिपका आल्यावर थोड्या वेळाने रमाकांत परत आला, रुमालाने हात पुसत. खुर्चीत बसला, पडदा बघितला आणि म्हणाला, "झालं ना सुरळीत?" पुढच्या आठवड्यात आमच्याच पुरवणीत त्याच्यावर लेख आला. सर्व्हरच्या डब्यावर हात ठेवलेला त्याचा फोटो होता. हिरव्या ठिपक्यांनी माणसं कशी वाचवली याचं वर्णन होतं. लेख लिहिणाऱ्याने सुनंदाला फोन केला नव्हता. गृहिणीला सर्व्हरबद्दल काय विचारणार? महिनाभरात पडदा पुन्हा पूर्वीसारखा झाला. लोकांनी मागणी केली म्हणून, असं त्याने सांगितलं, आणि हेही खरंच असणार. मागणी करणाऱ्यांत ती म्हातारीही होती.

आमची शेवटची भेट रेवसच्या धक्क्यावर झाली. मी लाँचने मुंबईला निघालो होतो, तो कुणालातरी सोडायला आला होता. लाँचला उशीर होता, म्हणून बोलणं झालं. एरवी झालं नसतं. मी विचारलं, "पुन्हा हिरवं का केलंस? तुला तर सगळं कळत होतं."

"कळतं म्हणूनच केलं," तो म्हणाला. "लोकांना खरं नको असतं, पत्रकार. तू इतकी वर्षं खरं छापतोस. तुझ्या ऑफिसात रोज दुपारी किती बाया येऊन बसतात?"

हे त्याने विजयाने म्हटलं. ते वाक्य त्याला तयार करायला वेळ लागला असावा. मी लाँचमध्ये चढलो. मागे वळून बघितलं तेव्हा तो धक्क्यावर उभा राहून लाँचच्या मोटरला नावं ठेवत होता, खलाशाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तर, त्याने कधी कुणाची लाइन कापली नाही, हे शोकसभेतलं वाक्य तपासून झालं. त्याने कापली नाही. कापायची वेळ आली तेव्हा तो खोलीतून बाहेर गेला. याला दया म्हणायची पद्धत आमच्या किनाऱ्यावर पडली आहे. मला त्यात लोकांच्या शिव्या खाण्याची भीतीच दिसते, आणि इतरांना गाढव म्हणत आयुष्य काढलेल्या माणसाला ती शोभत नाही. गाढव निदान ओझं उचलतं.

तो गेल्यावर तांडेलांनी चेअरमनना सांगितलं, यंत्र सुधारा, नाहीतर डोलकाठीवरून काढून न्या. विद्या माणगावहून रविवारी रविवारी येऊ लागली. तिने आतली सगळी रचना बदलली. आता वाढपी कुणाच्या टेबलाला बांधलेले नसतात. जो बोलेल त्याच्याकडे जातात आणि परत येतात. गप्प राहिलेली बोट पडद्यावर करडी होते आणि शेजारी लिहून येतं, ती शेवटची कधी बोलली होती. दुपारी सुनंदा तिथे बसते. पहिले काही दिवस बायकांनी तिला भरपूर शिव्या घातल्या. "रमाकांत असता तर हे बघायची वेळ आली नसती," म्हणाल्या. सुनंदा म्हणते, "व्हय. बघायची वेळ आलीच नसती." त्या येतात तरीही. फरक एवढाच, की पूर्वी हिरवं बघून घरी जायच्या, आता करड्यासमोर तिथेच बसून राहतात, हिरवा होईपर्यंत. हॉलमध्ये बाकं कमी पडू लागली आहेत.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. विद्या काहीतरी तपासत होती. पडद्यावर समुद्रात काही ठिपके करडे, काही हिरवे. आणि एक हिरवा ठिपका जमिनीवर, गावात, देवळामागच्या आळीत. म्हातारीने विचारलं, "हा कोनाचा गं? बोट काय डोंगरावर चढली?"

ते रमाकांतच्या घरी असलेलं चाचणीचं मशीन होतं. कपाटावर ठेवलेलं, चार्जरला लावलेलं. त्याच्या बायकोला ते बंद करायचं सुचलं नाही, किंवा सुचूनही तिने केलं नाही. मी विचारलं नाही. ते थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला कळवत राहतं की मी इथेच आहे. चेअरमन म्हणाले, "बंद करायला सांगू का वहिनीला? उगाच लाइन अडवून बसलंय."

विद्या म्हणाली, "राहू दे. आता त्याने कुणाचं काही अडत नाही. त्याच्या बाजूला माणूस उभा करावा लागत नाही ना."

त्याच्या स्वतःच्या रचनेत त्या ठिपक्याने एक वाढपी कायमचा धरून ठेवला असता आणि समुद्रावरच्या कुणाला तरी दारातून परत जावं लागलं असतं. ज्या मुलीला त्याने उन्हात पाठवलं, तिच्या रचनेत त्याला जागा आहे.

"बोलतो का तो काही?" म्हातारीने विचारलं.

"रोज बोलतो," सुनंदा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "इथेच हाय म्हणतो. कामाचं काय सांगत न्हाय."

म्हातारी हसली, आणि मग डोळ्यांना पदर लावला. समुद्रातला एक करडा ठिपका तेवढ्यात हिरवा झाला. बाकावरची एक बाई उठली, पाटी उचलली आणि घरी गेली.